मानेखालची चीर

मी हायब्रिड सायकल बोलतेय. नाव ऐकून नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडा. मला त्याची सवय आहे, आणि माणसांकडे बघून नाक मुरडण्यात मीही आता मागे नाही.

माझ्या मानेखाली एक चीर होती. हँडलखालून पेडलकडे जो तिरका दांडा जातो, त्याच्या पोटाशी. आधी केसाएवढी होती, मग वाढली. तिच्यावर एक स्टिकर चिकटवलेला होता. ज्याने तो चिकटवला, त्याच्याच सख्ख्या बहिणीला मी रोज उतारावरून खाली नेत होते, आणि तिला त्या चिरेचा पत्ता नव्हता. हे आठवलं की अजूनही मला शिसारी येते. तरी सांगते, कारण मी नाही सांगितलं तर तो सांगेल, आणि तो काय सांगतो ते मी ऐकलेलं आहे.

माझा जन्म कारखान्यातला. ॲल्युमिनियमच्या नळ्या कापून, जोडून, भट्टीत शेकून तिथे चौकटी तयार होतात. माझ्या मागच्या चाकाशी दोन्ही बाजूंना एका बाईने नखाएवढे दोन कान जोडले, त्यांना भोकं पाडली आणि अंगठ्याने दाबून पाहिले. मडगार्ड आणि कॅरिअर तिथे कसतात. इतर चौकटींना रंगाचं कौतुक होतं. मला त्या दोन कानांचं होतं, कारण ज्या सायकलला ते असतात ती कामाची, हे मला कुणी न सांगता कळलं होतं.

दुकानात आम्ही तिघी शेजारी शेजारी उभ्या होतो. डावीकडे रोड बाइक. तिचं हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं, टायर बोटभर, अंग इतकं हलकं की एका हाताने उचलावी. गुळगुळीत रस्ता मिळाला की ती अशी पळते की बघत राहावं. पण खड्डा आला की बसणाऱ्याच्या दाढा वाजतात, आणि वाकून बसून बसून त्याचं नाक पुढच्या चाकाला लागायची वेळ येते. उजवीकडे माउंटन बाइक. टायर जाडजूड, दातेरी, पुढच्या दोन्ही पायांत धक्के झेलणारं सस्पेन्शन. दगड, चिखल, झाडांची मुळं, तिला काहीही चालतं. डांबरी रस्त्यावर मात्र अर्धा जोर ते टायरच खाऊन टाकतात, वर घरघर ऐकावी लागते ती वेगळीच.

आणि मध्ये मी. सरळ हँडल, ताठ बसणं, टायर ना जाड ना बारीक, चढावर दम राखतील एवढे गिअर. शर्यतीत मी हरेन. डोंगरात मी घसरेन. पण सकाळी घरून निघून डांबर, खडी, खड्डे, पूल, चढ, गल्ली असं सगळं ओलांडून, मागे पिशवी बांधून, कपडे न मळवता कामावर पोचायचं असेल, तर त्या दोघींनी माझ्या वाटेला जाऊ नये. यात मोठेपणा नाही, पण कमीपणाही नाही.

दुकानदाराला हे सांगता येत नसे. तो प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणायचा, "दोन्हीतलं थोडं थोडं आहे साहेब हिच्यात." जणू दोन पातेल्यांतलं उरलंसुरलं एका डब्यात भरलंय. हे 'थोडं थोडं' पुढे मला भोवलं.

मला घेतलं तो माणूस चाळिशीतला. विमा कंपनीत नोकरीला. वाहनांचे दावे तपासायचे, हे त्याचं काम. कुणी जुना पोचा कालचा म्हणून दाखवला, कुणी फुटलेल्या जागेवर रंग मारला, की हा उजव्या अंगठ्याचं नख फिरवून पकडायचा. घरी जेवताना तो ही कर्तबगारी रंगवून सांगे. "लोक काय थराला जातात बघा," असं म्हणत वाटी चाटूनपुसून साफ करी.

त्याच्याबरोबर दुकानात बायको आली होती आणि धाकटी बहीण. बहिणीला घरात सगळे बारकी म्हणत, अजूनही म्हणतात, जरी ती पंचविशी ओलांडून गेलीय आणि इस्पितळात परिचारिका आहे. इस्पितळापर्यंत येऊ न शकणाऱ्या लोकांच्या घरी जाऊन जखमा धुणं, पट्ट्या बदलणं, हे तिचं काम. त्याचा डोळा रोड बाइकवर होता. पण त्याची पाठ धरायची, आणि डॉक्टरांनी ताठ बसायला सांगितलं होतं.

"दादा, हीच घे," बारकी माझ्या कॅरिअरवर हात ठेवून म्हणाली. "हिच्यावर सामान बसतं."

"मला काय भाजी आणायचीय?" तो म्हणाला. पण पाठीपुढे त्याचं चाललं नाही, आणि मी त्याच्या घरी आले.

रविवारी सकाळी तो मला घेऊन सायकलवाल्यांच्या मंडळात गेला. चहाच्या टपरीशी सगळे जमत. त्यांच्यात दोन तट होते. रोडवाले वजनावर बोलत. कुणाची चौकट किती ग्रॅमने हलकी, कुणाचा सीटचा दांडा कशाचा. बोलणाऱ्यांची पोटं घट्ट बनियनमधून पुढे आलेली, पण बाटली अर्धी भरली की वजन वाचतं यावर सगळ्यांचं एकमत. माउंटनवाले चिखलावर बोलत. त्यांच्यात अंगावरचा चिखल पुसायची पद्धत नव्हती. तो आधी सगळ्यांना दाखवायचा, मग फोटो काढायचा, मग घरी जाऊन बायकोच्या पायपुसण्यावर झटकायचा.

दोन्ही तटांत सारखी असलेली एक गोष्ट म्हणजे घाण. चालत्या सायकलवरून एक नाकपुडी दाबून दुसरी मोकळी करायची. मागच्याच्या अंगावर उडालं तर दोघांनी हसायचं. ताकदीचा म्हणून चिकट पाक पिशवीतून चोखायचा, पिशवी झुडपात फेकायची, बोटं चाटायची आणि त्याच बोटांनी माझं हँडल धरायचं. मी धातूची आहे, मला रबराच्या मुठी आहेत, तरी अंग आक्रसून घ्यावंसं वाटायचं.

त्या पहिल्या सकाळी एकाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काय रे, वहिनींची आणलीस का?"

"असू दे," दुसरा म्हणाला. "मागे दुधाचे कॅन छान बसतील."

सगळे हसले. आणि सगळ्यांत मोठ्याने माझा मालक हसला. मला तो तिथेच कळला. जो स्वतःच्या वस्तूवर दुसऱ्यांपेक्षा मोठ्याने हसतो, त्याच्या घरात ती वस्तू सुखाने राहत नाही.

घरी येऊन त्याने अंगणात मला आडवं पाडलं. स्टँड काढला, घंटी काढली, मडगार्ड काढले, कॅरिअर काढलं. तेवढ्यात बारकी कामावरून आली. चप्पल काढता काढता थांबली.

"दादा, कॅरिअर नको ना काढू. तुला नको असेल तर मी नेते सायकल कामाला."

"बस आहे की तुला."

"बस मोठ्या रस्त्यापर्यंत. पुढचं सगळं चालत. पुलापलीकडचे पेशंट संपेपर्यंत पाय तुटतात माझे."

"शर्यतीची करतोय मी ही. तुझ्या कामाची नाही राहणार."

"तुझ्या तरी कामाची राहील का?" असं म्हणून ती आत गेली.

रोड बाइकला ते दोन कान नसतात, म्हणून त्याने करवत आणली आणि माझे दोन्ही कान कापले. उरलेल्या खुणांवर कानस घासली. अंगणात चमकता भुगा पडला, तो त्याने पायाने झाडाच्या बुंध्याकडे सारला. मग वळलेलं हँडल बसवलं, बोटभर टायर चढवले. माझी चौकट ताठ बसणाऱ्यासाठी घडवलेली, लांबीला जास्त. तिच्यावर तसलं हँडल लावलं की माणूस कपाटावरचा डबा काढायला निघाल्यासारखा ताणला जातो. नव्या ब्रेकच्या मुठी माझ्या ब्रेकच्या तारा पुरेशा ओढतही नव्हत्या. रोडवाल्यांच्या मागे तो धापा टाकत राहायचा, पाठ धरून घरी यायचा, आणि बायकोला सांगायचा, "सायकलच जड आहे."

सगळे पुढे निघून जायचे याची लाज वाटायला लागली, तेव्हा तो माउंटनवाल्यांकडे वळला. पुन्हा अंगणात मी आडवी. आता जाड टायर, इतके जाड की मागचा चौकटीला घासायचा. आणि पुढचं चाक धरायला सस्पेन्शनचा उंच फोर्क. त्यामुळे माझं तोंड वर झालं, वळताना चाक कुठे जाईल याचा भरवसा राहिला नाही, आणि प्रत्येक धक्का थेट मानेत बसू लागला. असा फोर्क कुठल्या कुठल्या चौकटींना लावू नये, हे त्याच्या खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. हा माणूस बारीक अक्षरं वाचायचा पगार घेतो. खोकं त्याने न वाचता फाडलं.

मग एके सकाळी टेकडीवर ते झालं. खडकाची एक पायरी होती, कमरेएवढी. तिच्यावरून उडी मारायची आणि खालून कुणीतरी फोटो काढायचा, असं ठरलं. पहिल्या उडीत फोटोत त्याचे डोळे मिटलेले आले, म्हणून दुसरी मारली. दुसऱ्या फोटोत मागे झुडपाशी त्यांच्यातलाच एक जण लघवीला उभा दिसत होता, म्हणून तिसरी मारली. तिसऱ्या वेळी खाली आपटताना माझ्या मानेत काहीतरी तुटलं. आवाज फार झाला नाही. फोटो चांगला आला.

घरी आल्यावर त्याने मला पुसायला घेतलं. चिखल निघाला तशी मानेखाली काळी रेघ दिसली. त्याने पुन्हा पुसली. रेघ राहिली. मग त्याचा अंगठा आला. नख रेघेवरून आडवं फिरलं आणि अडकलं. ओरखडा असता तर नख घसरून गेलं असतं. हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? त्याची तर भाकरीच त्यावर. तो बराच वेळ उकिडवा बसून राहिला. मला वाटलं, आता मला भंगारात देईल, आणि सांगते, मला वाईटही वाटलं नसतं.

तो उठून आत गेला. बारकीची कामाची पिशवी दाराशी होती. तिच्यातून त्याने स्पिरिटची बाटली आणि कापूस काढला, माझी मान स्वच्छ पुसली, तेलाचा अंश राहू दिला नाही, आणि मंडळाने वाटलेला तळहाताएवढा स्टिकर त्या जागी दाबून बसवला. स्टिकरवर उडी मारणारा सायकलस्वार होता. कडा नखाने घट्ट केल्या. बायको दारात आली.

"काय झालं हो?"

"काही नाही, रंग गेलाय जरासा."

जखमा धुवायच्या स्पिरिटने त्याने जखम लपवली. माझ्या अंगाला चिकटलेल्या सगळ्या घाणींपैकी तो स्टिकर मला सगळ्यांत घाण वाटतो.

पुढच्याच आठवड्यात त्याने नवी माउंटन बाइक आणली. घर लहान, दोन सायकली मावेनात. "एक काहीतरी काढा बाई," त्याची बायको, बारकीची वहिनी, म्हणाली. आणि तो म्हणाला, "बारकीला देऊन टाकतो. कधीची मागतेय."

मी त्याला ओळखते, म्हणून सांगते. बहिणीचं वाईट व्हावं असं त्याच्या मनात नव्हतं. त्याने स्वतःची समजूत काढली होती. बारकी हलकी आहे, ती कुठे उड्या मारणार, हळूच तर चालवणार, काही होत नाही. दुसऱ्याने असं म्हटलं असतं तर त्याने दावा फेटाळला असता. स्वतःचा मात्र त्याने उभ्या उभ्या मंजूर करून टाकला, आणि वर देण्याचं पुण्यही पदरात पाडून घेतलं. मला वाटतं, सरळ वाईट माणसं याच्यापेक्षा स्वच्छ असतात.

त्याने मला पुन्हा होते तशी केलं. सरळ हँडल, माझा जुना फोर्क, मधले टायर, घंटी, स्टँड. कॅरिअर आणि मडगार्ड अंगणात पडून राहिले, कारण ते लावायचे कान आता नव्हते. बारकी कामावरून आली तर मी दारात उभी, हँडलला रिबीन बांधलेली.

"दादा, खरंच?" तिने रिबिनीला हात लावला.

"खरंच म्हणजे काय? माझी बहीण रोज पायपीट करते, मला कळत नाही का?"

"एवढं मन कधीपासून मोठं झालं तुमचं?" वहिनी हसत म्हणाली. त्याने बारकीच्या डोक्यावर हात ठेवला. तिने डोळे पुसले. मला पोट असतं तर तिथेच ओकले असते.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. आणि हे सांगताना माझी मलाच लाज वाटते, पण मला आनंद झाला. बारकी सायकल चालवते ती चालवण्यासाठी नाही, पोचण्यासाठी. बाजाराची गल्ली, मग खणून ठेवलेला खडीचा पट्टा, मग इस्पितळाचा चढ, मग पुलाकडे उतरणारा मोठा उतार, आणि पलीकडे नव्या चाळींच्या रांगा. रोड बाइक खडीत रुतली असती, माउंटन बाइकने तिला चढावर दमवलं असतं. मी तिला घेऊन अशी जायचे की ती गिअर बदलता बदलता गुणगुणायची. मडगार्ड नसल्याने पांढऱ्या कपड्यांवर पाठीमागे चिखलाची रेघ उठायची, पिशवी खांद्याला लटकवावी लागायची, पण तिची तक्रार नव्हती.

पायाची जखम भरत नसलेले एक आजोबा होते. ते दारातच बसलेले असत. "आज इतक्या लवकर?" त्यांनी विचारलं.

"आता माझी गाडी आहे ना आजोबा," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला 'माझी' म्हणालं होतं.

आणि ज्या कामासाठी मी जन्मले, तेच काम करत मी तिला रोज थोडी थोडी मरणाकडे नेत होते. पुलाच्या उतारावर ब्रेक दाबला की सगळं वजन मानेवर येतं. दर उतारावर चीर किंचित पुढे सरकायची. ती दांड्याभोवती पूर्ण फिरली की पुढचं चाक हँडलसकट सुटणार आणि बारकी तोंडावर जाणार. खाली पुलाचा कठडा आहे आणि शेजारून गाड्या धावतात. मी ओरडत होते. आमचं ओरडणं म्हणजे कुरकुर, तेवढीच. मी जमेल तितक्या मोठ्याने कुरकुरत राहिले.

तिला ऐकू आलं. "दादा, उतारावर कुरकुर करते रे ही."

"सुकली असेल. थांब, तेल घालतो."

त्याने तेलाची बुधली आणली. चेनला घातलं, पेडलला घातलं, सीटच्या दांड्याला घातलं, ब्रेकच्या तारेलाही दोन थेंब सोडले. मानेला हात लावला नाही. तेल ठिबकत राहिलं आणि रस्त्याची सगळी धूळ माझ्या अंगाला चिकटली. "झालं," तो म्हणाला. "आता लोण्यासारखी जाईल."

रविवारी सकाळी तो टेकडीवर निघाला होता. हेल्मेट डोक्यावर, नवी बाइक दारात. बारकी मला हाताने ढकलत त्याच्यासमोर घेऊन आली.

"दादा, तेलाने काही झालं नाही. उलट वाढलंय. तू एकदा बसून बघ ना, तुला लगेच कळेल."

"आल्यावर बघतो. उशीर होतोय."

"एक चक्कर फक्त. उतारावरून खाली जा आणि ये."

"पाठ धरलीय माझी सकाळपासून."

वहिनी ओटा पुसून बाहेर आली होती. "अहो, त्या टेकडीवर दगडांतून जाणार आहात ना? मग गल्लीत जायला पाठीला काय झालं?"

नाही म्हणायला आता जागा उरली नव्हती. तो माझ्यावर बसला. त्या घराची गल्ली एका बाजूला उतरते आणि दुसऱ्या बाजूला सपाट जाते. तो सपाटीकडे वळला. आणि कसा चालवत होता म्हणून सांगू? कमरेएवढ्या खडकावरून तीनदा उडी मारणारा हा मर्द, दोन्ही पाय पेडलवरून खाली सोडून, तळवे जमिनीवर घासत, ढुंगण सीटच्याही मागे सरकवून, पुढच्या ब्रेकला बोट न लावता चालला होता. चालत्या माणसाने मागे टाकावं इतका हळू. कोपऱ्यावर तर तो चक्क उतरला, मला हाताने वळवलं आणि पुन्हा बसला. त्याच्या हातांचा घाम माझ्या मुठींतून झिरपत होता, आणि तो घाम भीतीचा होता.

तो परत आला तेव्हा त्या दोघी दारात तशाच उभ्या होत्या.

"ठीक आहे," तो उतरत म्हणाला. "मला तर काही आवाज आला नाही."

"दादा, तू असा का बसला होतास?" बारकीने विचारलं.

"कसा?"

"ही आत्ता मोडेल असा."

तो हेल्मेटचा पट्टा चाचपू लागला. बारकी खाली बसली. तिची बोटं कातडीखालची सूज ओळखणारी. ती हँडलपासून खाली आली आणि स्टिकरवर थांबली. चीर वाढल्याने स्टिकरला सुरकुती पडली होती. जखमेवरची पट्टी काढावी तसा तिने तो एका कडेने, सावकाश सोडवला. चीर अर्ध्या दांड्याला वळसा घालून गेली होती.

"हे कधीचं?"

"आत्ताच झालं असेल. तू त्या खडीतून नेतेस."

"हा स्टिकर तुम्ही लावलात," वहिनी म्हणाली. "मी दारात उभी होते. रंग गेलाय म्हणालात मला."

"मी सांगणारच होतो."

"कधी?" बारकीने विचारलं. आवाज चढवून नाही, पेशंटला विचारतात तसं.

त्याने घड्याळ पाहिलं. "मंडळी थांबलीत माझ्यासाठी. आल्यावर बोलू," म्हणाला, आणि खरोखरच नव्या बाइकवर टांग टाकून निघून गेला. पाठीला काही झालेलं दिसलं नाही.

बारकी पायरीवर बसली. सोडवलेला स्टिकर तिच्या हातातच होता. ती म्हणाली, "वहिनी, आजोबांची नात मागे लागली होती परवा. मला बसव, पुलापर्यंत ने म्हणून. कॅरिअर नाही म्हणून नाही बसवलं मी तिला." मग ती रडली. वहिनी तिच्याशेजारी बसली आणि दोघींपैकी कुणी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि ते बरंच झालं.

सोमवारी तिने मला हाताने ढकलत इस्पितळाजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात नेलं. "जोडून नको," ती म्हणाली. "कापा. म्हणजे पुन्हा कुणाच्या गळ्यात जायला नको." माझी चाकं, ब्रेक, सीट एका जुन्या हायब्रिडला लावले. तिचे कान शाबूत आहेत आणि तिच्यावर कॅरिअर बसलंय. बारकी आता तिच्यावरून जाते. दुकानासमोरून जाताना ती घंटी वाजवते. माझ्यासाठी वाजवते असं मी समजते, आणि मला त्या नव्या सायकलचा हेवाही वाटतो. माझा कापलेला पुढचा अर्धा भाग दुरुस्तीवाल्याने चीर उकलून दाराशी खिळ्याला टांगला. चीर कशी दिसते ते गिऱ्हाइकांना दाखवायला त्याला बरं पडतं.

मागच्या रविवारी मंडळ इथे हवा भरायला थांबलं. तोही होता. एकाने मला ओळखलं. "अरे, ही तुझी ती दूधवाली ना? काय झालं हिचं?"

"बहिणीला दिली होती," तो म्हणाला. "तिने मोडली."

"बायकांच्या हातात दिली की असंच," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले, आणि या वेळीही सगळ्यांत मोठ्याने तोच हसला.

मला वाचा नाही, पण धातू खोटं बोलत नाही. जुनी चीर आतून काळवंडते, तिच्यात धूळ आणि चिखल मुरतो. नंतर फाटलेला भाग उजळ असतो. माझ्या मानेत दोन्ही शेजारी शेजारी आहेत. टेकडीवरची तिसरी उडी कुठे संपली आणि बारकीचे उतार कुठून सुरू झाले, ते कुणालाही बोट ठेवून दाखवता येईल. त्याला तर आधी दिसेल. त्याचं तेच काम आहे.

त्याला दिसलंच. बाकीचे चहाला पुढे गेले तेव्हा तो एकटा मागे आला, इकडेतिकडे पाहिलं, आणि मला खिळ्यावर फिरवून चीर भिंतीकडे केली. जाताना बोटं चड्डीला पुसली.

तेव्हापासून मी भिंतीकडे तोंड करून लटकतेय. भिंतीला ओल आहे, तिचा वास येतो. तुम्ही कधी हवा भरायला इथे आलात, तर एवढं करा. मला हात लावा आणि एकदा सरळ फिरवून ठेवा.